बार चुकून माणसाला लागला तर : चंदगड ते शाहूवाडीच्या बंदूकवाल्यांना खुलं पत्र

प्रति,
चंदगड, आजरा, भुदरगड, राधानगरी, गगनबावडा, शाहूवाडी या डोंगराकडच्या तालुक्यातले सगळे बंदूकवाले, परवान्याचे आणि बिनपरवान्याचे सुद्धा,
आणि ज्यांच्या सहीनं परवाना निघतो ते मा. जिल्हाधिकारी साहेब, कोल्हापूर

राम राम मंडळी,

भात मळून घरात आलं, उसाला तोड लागली की डुकरं फडातनं बाहेर पडतात आणि मग डोंगराच्या कडंला रात्रीचे बार ऐकू यायला लागतात. कोण खरंच राखणीला बसलेला असतो, कोण दोस्तांबरोबर हाकारे घेऊन भेकराच्या मागं गेलेला असतो, हे आपल्या भागात सगळ्यांना माहीत असतं आणि कुणालाच माहीत नसतं. मी त्याची चौकशी करायला हे लिहीत नाही. १९७२ चा वन्यजीव कायदा आहे, शिकार गुन्हा आहे, शेती संरक्षणाचा परवाना म्हणजे शिकारीचा परवाना नव्हे, डुक्कर पीक खातंय म्हणून मारायचं असलं तरी वनखात्याची लेखी परवानगी लागते. दाजीपूरचं जंगल संस्थानच्या काळात राजघराण्याचं राखीव शिकारीचं रान होतं, खरंय, पण १९५८ पासून ते अभयारण्य आहे आणि जुन्या शिकारीच्या गोष्टी सांगून आज कोण सुटत नाही. माझं मत विचाराल तर बंदूक घरात टांगलेलीच बरी. पण माझ्या मतानं बार काढायचे थांबत नाहीत, म्हणून पुढचं लिहितोय.

मी आजरा तालुक्यातला, आर्मी मेडिकल कोअरमधनं नर्सिंग असिस्टंट म्हणून रिटायर झालेला. डॉक्टर नाही. पण गोळी लागलेला माणूस दवाखान्यापर्यंत जिवंत कसा न्यायचा हे काम केलंय आणि पोरांना शिकवलंय. गावाकडं आल्यावर बघतोय की बंदूक भरायची कशी, दारू किती, छर्रे किती, गज किती ठोकायचा हे दहावीतलं पोरगं सुद्धा सांगतं. तीच बंदूक माणसाला लागली तर पहिल्यांदा हात कुठं ठेवायचा हे त्याच्या आज्याला पण सांगता येत नाही.

लागतं कसं ते तुम्हाला माहीत आहे. अंधारात झुडूप हललं म्हणून बार काढला आणि तिकडं आपलाच माणूस लघवीला बसलेला होता. बांधावरनं उतरताना भरलेल्या बंदुकीचा घोडा कशात तरी अडकला. ठासणीत दारू जास्त झाली आणि नळीच फुटली. ह्या तिन्ही प्रकारात जखम वेगळी होते पण पहिली दहा-पंधरा मिनिटं सगळीकडं सारखीच वाया जातात, आणि ती जातात एकाच कारणानं : केस होईल. कोण म्हणतो बंदूक आधी लपवा, कोण म्हणतो फोन करू नको रे, कोण म्हणतो डॉक्टरला सांगू खुंट घुसला म्हणून, एखादा तर सरळ पळून घरी जाऊन पांघरूण घेऊन झोपतो. आणि ह्या सगळ्या चर्चेत पडलेल्या माणसाच्या मांडीतनं रक्त चाललेलं असतं. मोठ्या माणसाच्या अंगात रक्त असतंय साधारण पाच लिटर. मांडीची मोठी रक्तवाहिनी फुटली तर माणूस जायला काही मिनिटं बास होतात, तुमची मीटिंग संपायच्या आत.

म्हणून केसचाच विचार करायचा असेल तर नीट करा. निष्काळजीपणानं कुणाला गंभीर दुखापत झाली तर नव्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १२५ मध्ये ३ वर्षांपर्यंत शिक्षा आहे. तोच माणूस मेला तर कलम १०६ लागतं आणि ते ५ वर्षांपर्यंत जातं. बिनपरवाना बंदूक, शिकार ही कलमं लागायची ती लागणारच, माणूस जगला म्हणून ती कमी होत नाहीत आणि मेला म्हणून पण कमी होत नाहीत. म्हणजे अगदी स्वतःच्या कातडीपुरता विचार केला तरी, ज्याच्या हातनं बार गेला त्याच्या फायद्याची एकच गोष्ट आहे, समोरचा जगला पाहिजे. पळून जाऊन, लपवाछपवी करून तुम्ही स्वतःच कलम वाढवून घेताय राव.

आणि दवाखान्यात घेत नाहीत म्हणतात ते. पोलीस केस आहे, आधी ठाण्यात जाऊन या, असं कुणी म्हणालं तर त्याला सांगा की सुप्रीम कोर्टानं १९८९ सालीच परमानंद कटारा खटल्यात स्पष्ट सांगितलंय, सरकारी असो की प्रायव्हेट, डॉक्टरनं आधी जीव वाचवायचा, कागदं नंतर. एमएलसी, म्हणजे पोलिसांना कळवायची मेडिको-लीगल केस, होईल, ती त्यांनी करायचीच असते, त्यांचं काम आहे ते. तुम्ही फक्त खोटं बोलू नका. खुंट घुसला म्हणून सांगितलं की डॉक्टर खुंटाची जखम बघतो, आणि छर्रा मात्र पोटात कुठंतरी आतडं फाडून बसलेला असतो. किती लांबनं लागली, ठासणीची होती का बारा बोरची, आत काय भरलं होतं, हे डॉक्टरला जितकं खरं कळेल तितका माणूस वाचायचा चान्स वाढतो. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा, मदत करणाऱ्याला त्रास द्यायचा नाही हा जो कायदा सगळे सांगतात तो मोटार वाहन कायद्यातला, रस्त्याच्या अपघातापुरता आहे. इथं पोलीस तुम्हाला विचारणार. विचारू देत, उत्तर द्या.

आता कामाचं. हे वाचून कुणी डॉक्टर होत नाही, हातानं सराव करायला लागतो, त्याबद्दल खाली साहेबांना लिहिलंयच. पण तोपर्यंत एवढं तरी डोक्यात असू दे.

पहिलं, बंदुका खाली. सगळ्यांच्या. गोंधळात दुसरा बार उडालेला मी ऐकलाय. ठासणीची असेल तर केप काढून टाका, काडतुसाची असेल तर मोडून काडतूस बाहेर. मग बॅटरी लावा आणि कपडे फाडून जखम बघा, लाजायचं नाही, पँट फाटली तर फाटली. पुढनं एक भोक दिसलं की पाठीमागं पण हात फिरवून बघायचा, काखेत बघायचं, जांघेत बघायचं, कारण अंधारात काळ्या कपड्यावर रक्त दिसत नाही आणि पुढच्या छोट्या जखमेला बोळा लावून सगळे समाधानात बसतात आणि पाठीखालची माती भिजत असते. छर्ऱ्याचं तर विचारूच नका, जवळनं लागलं तर सगळे एकत्र जाऊन एकच मोठं भगदाड पाडतात, लांबनं लागलं तर दहा-वीस बारीक भोकं, आणि त्या बारीक भोकांना आपली माणसं फुटकळ समजतात. बेंबीजवळ मुगाएवढं भोक असलं तरी तो माणूस ऑपरेशनचाच पेशंट आहे, चालत असला तरी, बोलत असला तरी.

हाताला किंवा पायाला लागलंय आणि रक्त भळभळा येतंय, उसळ्या मारतंय, कपडा भिजून खाली थारोळं साचायला लागलंय, तर आवळपट्टी. आम्ही टुर्निकेट म्हणायचो. जखमेच्या वर, धडाच्या बाजूला, दोन-तीन इंच सोडून, गुडघ्यावर किंवा कोपरावर नाही, आणि जखम नेमकी कुठं आहे कळत नसेल तर सरळ मांडीच्या किंवा दंडाच्या अगदी वरच्या टोकाला. पट्टी रुंद पाहिजे, निदान दोन बोटं. टॉवेल फाडा, मफलर घ्या, पंचा घ्या. नुसती गाठ मारून काही होत नाही, गाठीत अंगठ्याएवढी जाड मजबूत काठी घालायची आणि पिळत जायचं, पिळत जायचं, रक्त थांबेपर्यंत, मग काठी दुसऱ्या पट्टीनं बांधून टाकायची म्हणजे उलटी फिरणार नाही. सुतळी, वायर, बुटाची नाडी असलं बारीक काही नको, ते मांस कापतं. पँटचा पट्टा पण बहुतेक वेळा पुरेसा आवळत नाही. पेशंट ओरडणार, शिव्या देणार, सोड म्हणून पाया पडणार, कारण नीट आवळलेली पट्टी लई दुखते. सोडायची नाही. मधनं मधनं सैल करा असं जुनी माणसं सांगतात, ते डोक्यातनं काढून टाका, प्रत्येक वेळी सैल केली की साठलेली खपली सुटते आणि रक्त परत वाहतं. किती वाजता बांधली ते कपाळावर नाहीतर हातावर पेननं लिहा. दोन तासांपर्यंत सहसा काही बिघडत नाही, त्याच्या पुढं धोका वाढत जातो, सहा तासांच्या पुढं पाय वाचणं अवघड. पण चंदगडच्या टोकाला असला तरी सहा तासात कुठल्यातरी दवाखान्यात पोचताच की.

पाय जाईल म्हणून पट्टी बांधायला घाबरणारे खूप. त्यांच्यासाठी एकच आकडा देतो. इराकच्या लढाईत बगदादच्या अमेरिकन मिलिटरी हॉस्पिटलात आलेल्या जखमींचा अभ्यास झाला होता, शॉकमध्ये जायच्या, म्हणजे रक्त जाऊन रक्तदाब कोसळायच्या आधी ज्यांना टुर्निकेट लागलं त्यातले ९० टक्क्यांच्या आसपास वाचले, आणि अंग गार पडल्यावर, शॉकमध्ये गेल्यावर लागलं त्यातले १० टक्केच. म्हणजे बांधायची तर लगेच. सगळे उपाय करून बघू, नाहीच थांबलं तर बांधू, असं नाही.

इथं एक घोळ होतो आपल्याकडं. साप चावल्यावर दोरी आवळून बांधायची जुनी सवय आहे आणि आता आरोग्य खातं सांगतं की साप चावल्यावर बांधू नका, बरोबरच आहे ते. पण त्यामुळं काही लोकांच्या डोक्यात बसलंय की आवळून बांधणंच वाईट. सापाला नाही बांधायचं. धो धो रक्ताला बांधायचं. दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

जांघ, काख, खांदा, मान इथं पट्टी बसत नाही. इथं कपडा कोंबायचा. हो, जखमेच्या आत. स्वच्छ असेल तो कपडा, गॉज असेल तर उत्तम, बोटानं आत आत ढकलत जिथनं रक्त येतंय तिथंपर्यंत भरायचा, भोक भरलं की वरनं दोन्ही तळहात ठेवून, कोपरं सरळ करून, अंगाचा सगळा भार टाकून दाबायचं. निदान दहा मिनिटं हात उचलून बघायचं नाही. थांबलं का, थांबलं का म्हणून बघणारा माणूस असतोच एक, त्याला फोन करायला पाठवा. रक्त वरच्या कपड्यातनं आलंच तर त्याच्यावर आणखी कपडा घालून अजून जोरात दाबा. मानेला गोल गुंडाळून आवळायचं नाही, तिथं बोटांनी दाबून धरायचं, दवाखाना येईपर्यंत. एकाचा हात भरून आला की दुसऱ्यानं घ्यायचा.

ह्या कामाला ज्याच्या हातनं बार गेला त्यालाच बसवा. मनापासून सांगतोय. तो थरथरत असतो, रडत असतो, पळून जायच्या बेतात असतो, आणि कुणीतरी त्याला थोबाडीत मारायच्या तयारीत असतो. त्याला म्हणा इथं गुडघ्यावर बस आणि दाब. त्याच्याइतकं जीव लावून दुसरं कोण दाबणार नाही.

छातीला लागलं असेल तर कोंबायचं नाही. श्वासाबरोबर भोकातनं फुसफुस हवा येते, फेस येतो. आम्हाला पूर्वी प्लास्टिक तीन बाजूंनी चिकटवायला शिकवलं होतं, आता साध्या माणसासाठी सल्ला सोपा झालाय, भोक उघडं राहू दे, फार तर सुकं फडकं हलकं ठेवा. कुणी प्लास्टिक लावलं असेल आणि श्वास आणखी लागायला लागला तर लगेच काढा. पेशंटला टेकवून अर्धवट बसवा, ज्या बाजूनं त्याला श्वास घ्यायला बरं वाटतं तसं.

पोटाला लागलं तर बाहेरनं दाबून आतलं रक्त थांबत नाही, तिथं एकच औषध, गाडी. आतडं बाहेर आलं असेल तर आत ढकलू नका, स्वच्छ फडकं पाण्यानं ओलं करून वरनं झाका. पाणी पाजू नका. माणूस पाणी पाणी करतोच, रक्त गेलं की तहान लागते, आणि आपल्याकडं पाणी मागणाऱ्याला नाही म्हणणं म्हणजे पाप वाटतं, कळतंय मला. ओठ ओले करा. पाणी पाजलं आणि उलटी झाली, ती श्वासात गेली की संपलं, आणि भूल देणाऱ्या डॉक्टरचं काम पण अवघड होतं. दारूचा घोट तर अजिबात नाही, दुखणं कमी होतंय म्हणून बरेच जण देतात.

नळी फुटून हात गेला असेल, बोटं तुटली असतील, तर रक्ताचं वर सांगितलं तसंच. तुटलेलं बोट सापडलं तर ओल्या स्वच्छ फडक्यात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत घाला, बर्फ मिळाला तर ती पिशवी बर्फात ठेवा, बोट थेट बर्फावर नको. डोळ्यात दारू-छर्रा गेला असेल तर डोळा चोळायचा नाही, दाबायचा नाही, आतलं काही काढायचं नाही, चहाचा कागदी कप उलटा ठेवून वरनं हलकी पट्टी, झालं.

आणि कृपा करून हळद, कॉफी पावडर, चुना, मशेरी, माती, बिडीची राख यातलं काही जखमेत भरू नका. रक्त थांबत नाही त्यानं, आणि सर्जनला नंतर ते सगळं खरवडून काढत बसावं लागतं. ठासणीची जखम तशीच घाण असते, छर्ऱ्याबरोबर जळकी दारू, बोळ्याच्या चिंध्या, अंगावरच्या कपड्याचे तुकडे, काही बहाद्दर तर बेअरिंगच्या गोळ्या आणि खिळ्यांचे तुकडे भरतात, ते सगळं आत जातं. धनुर्वाताचं इंजेक्शन आणि अँटिबायोटिक लागणारच. चिमट्यानं, सुरीनं छर्रे काढत बसायचं नाही, आत राहिले तरी चालतंय, डॉक्टर पण सगळे काढत नाहीत.

रक्त आटोक्यात आलं की झाका. घोंगडं, ताडपत्री, जर्किन काय असेल ते, खालनं पण आणि वरनं पण. रक्त गेलेला माणूस गार पडतो, आणि अंग गार पडलं की रक्त गोठायची ताकद कमी होते, परत वाहायला लागतं. गगनबावड्याच्या पावसात नाहीतर डिसेंबरच्या पहाटे आंबा घाटात हे अर्ध्या तासात होतं.

मग न्यायचं कसं. १०८ ला फोन, आणि रेंज नाही हे तुम्हाला आधीपासून माहीत असतं, तर रेंज कुठल्या टेकाडावर येते हे पण आधी माहीत करून ठेवा. तुमच्या कंपनीची रेंज नसली तरी ११२ लावून बघा, तो दुसऱ्या नेटवर्कवरनं पण लागू शकतो. एकानं पेशंटजवळ थांबायचं, एकानं फोनला जायचं, एकानं रस्त्यावर उभं राहायचं बॅटरी घेऊन. पत्ता सांगताना नुसतं गावाचं नाव नको, तालुका, गाव, वाडी, कुठला फाटा, शेजारी काय आहे, गाडी कुठंपर्यंत येते. धनगरवाड्यांवर गाडी जात नाही तिथं झोळी करायची सवय आपल्याला आहेच, कांबळं आणि दोन वासे. फक्त झोळीत दाबणाऱ्याचा हात जखमेवरनं सुटता कामा नये. आणि अँब्युलन्सची वाट बघत घाटाच्या वर बसून राहू नका, वडापची जीप असू दे, बोलेरो पिकअप असू दे, त्यात घाला आणि निघा, १०८ वाल्याला फोनवर सांगा की अमुक फाट्यावर भेट. तिथं पेशंटला अँब्युलन्समध्ये हलवायचं. चंदगडहून कोल्हापूरचं सीपीआर, म्हणजे मोठा सरकारी दवाखाना, शंभर किलोमीटरच्या वर आहे, बेळगाव त्याच्या निम्म्यात, आधी गडहिंग्लजला उपजिल्हा रुग्णालय. कुठं न्यायचं हे वाटेत भांडून ठरवायची गोष्ट नाही, १०८ च्या डॉक्टरला विचारा, कुठं सर्जन आणि रक्त दोन्ही आहे.

आता साहेब, तुमच्याकडं येतो.

१९५९ च्या शस्त्र कायद्यातच शेतीराखणीसाठी ठासणीच्या बंदुकीच्या परवान्याची तरतूद आहे, ती आजची नाही. २०१६ चे शस्त्र नियम आले तेव्हापासून परवाना मागणाऱ्यानं शस्त्र सुरक्षित हाताळायचं, सुरक्षित ठेवायचं ट्रेनिंग घेतल्याचा दाखला जोडायचा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनं परवान्याची मुदत ३ वरनं ५ वर्षं झाली. माझं म्हणणं साधं आहे, त्या ट्रेनिंगमध्ये दोन तास रक्त थांबवायचे घाला. कायदा बदलायला लागत नाही, नवीन फॉर्म लागत नाही, जिल्ह्याच्या पातळीवर सिव्हिल सर्जनना एक पत्र गेलं तरी होण्यासारखं आहे. वडिलांच्या नावचा परवाना पोराच्या नावावर होतो, बंदूक पोराकडं येते, पण त्याला ह्यातलं कुणी काही शिकवलेलं नसतं.

आणि माणसं गोळा कशी करायची ही अडचण तुम्हाला नाहीच. आचारसंहिता लागली की आम्ही सगळे खांद्याला बंदूक लावून, काही जण एसटीनं, काही मोटरसायकलवर, पोलीस ठाण्यात जमा करायला येतो. ठाण्याच्या आवारात झाडाखाली अर्धा अर्धा दिवस बसलेलो असतो, नंबर येईपर्यंत. ग्रामपंचायत, जिल्हा परिषद, विधानसभा, लोकसभा, निवडणुका काय कमी आहेत का आपल्याकडं. तालुक्यातले बंदूकवाले एका जागी, रिकामे बसलेले, वेळच वेळ. त्याच झाडाखाली ग्रामीण रुग्णालयातली एक सिस्टर आणि एक माजी सैनिक उभा केला, प्रत्येकाकडनं एकदा पट्टी आवळून घेतली, एकदा कपडा कोंबून घेतला, तर खर्च चहाचा. बंदूक परत न्यायला येतील तेव्हा परत एकदा. शिकवायला माणसं कमी नाहीत, ह्या जिल्ह्यात माजी सैनिक नसलेलं गाव शोधायला लागेल, टेंबलाईवाडीला टीए (टेरिटोरियल आर्मी) बटालियन आहे, मेडिकल कोअरमधनं आलेले माझ्यासारखे पण आहेत, आम्ही पैसे मागणार नाही.

परदेशात हे झालेलं आहे. अमेरिकेत २०१५ पासून साध्या नागरिकांना रक्त थांबवायला शिकवायची मोहीम सुरू आहे, शाळेतल्या शिक्षकांपासून शिकाऱ्यांपर्यंत सगळे शिकतात. तिकडं बऱ्याच राज्यात शिकारीला जाताना भडक केशरी जाकीट घालायची सक्ती आहे, म्हणजे माणूस माणसासारखा दिसावा. आपल्याकडं शिकारच बेकायदा, त्यामुळं शिकाऱ्यांना जाकीट घाला असं सरकार म्हणू शकत नाही, हे कळतं. पण राखणीला बसणाऱ्या परवानाधारक शेतकऱ्याला तर म्हणू शकतं.

दुसरी मागणी आरोग्य खात्याकडं न्या. ट्रॅनेक्सॅमिक ॲसिड म्हणून रक्तस्राव कमी करायचं इंजेक्शन आहे, बाळंतपणातल्या रक्तस्रावाला वापरतात म्हणून सिस्टर लोकांना माहीत आहे. ४० देशातल्या २७४ हॉस्पिटलांमध्ये वीस हजारांवर जखमींवर त्याचा अभ्यास झाला, २०१० साली तो छापून आला, त्यातनं निघालं की जखम झाल्यापासून तीन तासांच्या आत दिलं तर मरण कमी होतं, आणि पहिल्या तासात दिलं तर सगळ्यात चांगलं. तीन तासांनंतर देऊन उपयोग नाही, उलट तोटा. आता डोंगरातला माणूस तीन तासात सीपीआरला पोचेलच असं नाही, पण जवळच्या पीएचसीत, प्राथमिक आरोग्य केंद्रात, पोचतो. तिथं ते कपाटात पाहिजे, रात्री सुद्धा, आणि कपाटाची किल्ली पण तिथंच पाहिजे. औषध महाग नाही. त्याच्या शेजारी दोन खरी टुर्निकेट आणि गॉजचे रोल. ऑनलाइन स्वस्तात मिळतात ती नकली टुर्निकेट घेऊ नका, पिळताना काठीच मोडते त्यांची.

आणि हे फक्त बंदुकीसाठी नाही हो. गव्यानं शिंग घातलं तर मांडी अशीच फाटते. ऊसतोडीत कोयता पायावर बसतो, कडबाकुट्टीत हात जातो, डुकरासाठी ठेवलेला गावठी बॉम्ब दुसऱ्याच कुणाच्या हातात फुटतो. पट्टी तीच, दाबायची पद्धत तीच. बंदूकवाल्यांपासून सुरुवात करा म्हणतोय कारण त्यांची नावं-पत्ते तुमच्या रजिस्टरला आधीच लिहिलेले आहेत.

बिनपरवान्याच्या दोस्तांनो, तुमचं नाव कुठल्याच रजिस्टरला नाही, तुम्हाला कोण बोलावणार नाही. तुम्ही गावातल्या फौजीला गाठा, सुट्टीवर आलेला असेल किंवा रिटायर, त्याला एवढंच विचारा की पट्टी आवळून दाखव. तो तुम्ही कशासाठी विचारताय ते विचारणार नाही. बंदूक सोडून द्या असं पण तो सांगेल बहुतेक, मी पण सांगतोय.

साहेब, पुढची निवडणूक लागायच्या आत आजऱ्याला एक दिवस ठरवा, हॉल लागत नाही, शाळेचं मैदान बास आहे. आम्ही शिकवणारे येतो. भावांनो, तुम्ही येताना बंदूक आणू नका, दोन जुने टॉवेल आणि वीतभर लांबीची एक चांगली काठी आणा.

आपला,
आजरा तालुक्यातला एक माजी नर्सिंग असिस्टंट